एक अंगठा, सहा सह्या

अयोध्याचं लग्न झालं त्या उन्हाळ्यापासून ही गोष्ट सुरू होते. साल २०१७. सगुणाबाईनं ही धाकटी लेक भोकरला दिली. मांडव सगुणाबाईच्याच दारात पडला होता, रेणापूरपासून दोन कोसांवरच्या गावात. आणि त्याच मांडवात, तिसरी पंगत उठता उठता, थोरल्या पोरानं बापाला खाली बघायला लावलं.

झालं असं, की नव्या व्याह्यानं हात धुता धुता सहज विचारलं, "मास्तर, पोरगी कितवीला गेली म्हणायची तुमची?"

वैजनाथ लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं व्याह्याच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाला, "कितवीलाच न्हाई. तिचं नाव काढून आणलंय मी. नोकरी बी सोडली. जूनपासून आम्ही गावात, अन् पोरगी घरीच शिकणार."

व्याह्याला वाटलं थट्टा आहे. तो मोकळा हसला. वैजनाथ हसला नाही, तसा व्याही आपल्या भावाकडं वळला. "ऐकलं का? सगळा मुलूख पोरं घेऊन लातूरला निघालाय, अन् मास्तर पोरगी घेऊन लातुरातून पळून राहिलेत!"

आजूबाजूची मंडळी खदखदली. लक्ष्मणराव, वैजनाथचा बाप, पानाचं तबक घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि बैल बांधले होते तिकडं गेले. लेक सासरी निघाली तेव्हाच परत आले.

लक्ष्मणरावांनी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती. बारा एकर काळी जमीन कसली, अंगठा उठवला आणि पोराला शिकवलं. "पोरगा काय करतो?" असं कुणी विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे, कपाळ पुसायचे, मग सावकाश म्हणायचे, "लातूरला शिकवितो. चारशे पोरं बसत्यात त्याच्यापुढं." ती टोपी आता कशावर काढायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

वैजनाथचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यानं फक्त आईला सांगितलं. त्या चारशे पोरांत एक पोरगी चक्कर येऊन पडली. तिला दोघांनी उचलून नेलं. वैजनाथच्या गळ्यात माईक, तोंड फळ्याकडं. तास संपेपर्यंत त्याला कळलंच नाही. "माय, एक लेकरू पडलं अन् मी पुढचं गणित सांगत होतो," तो म्हणाला. "माझी पोरगी मला असल्या खोलीत बसवायची न्हाई."

सगुणाबाईला खोली कळली नाही, पण पोराचा आवाज कळला.

सुनेचं नाव पूनम. ती बिलोलीची, डी.एड. झालेली, कमी बोलणारी. जूनमध्ये तिनं ओसरीवर चटई टाकली आणि सृष्टीची शाळा सुरू केली. आठ वर्षांची पोर. सकाळी पूनम गणित आणि मराठी घ्यायची. दुपारी वैजनाथ तिला शेतात न्यायचा. विहिरीचा घेर दोरीनं मोजायचा, पाणी किती ते काढायला लावायचा. मोटर किती वेळात किती उपसते, सोयाबीनला शेंग कधी धरते, टिटवी अंडी कुठं घालते, सगळं वहीत. इंग्रजी ती खताच्या पोत्यावरचं वाचायला लागली. पारावर लोक हसायचे. "मास्तरची पोर आज कोणत्या वर्गात? वांग्याच्या का मिरचीच्या?"

वैजनाथनं पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "हसा. दहावीची परीक्षा ती बोर्डाचीच देईल. सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरून. कुठल्या शाळेचं नाव लावणार न्हाई. मग बोला."

तेव्हापासून त्या घरात सगळं त्या एका फॉर्मवर येऊन थांबलं. सात वर्षं पुढचा फॉर्म, पण तो जणू देवळीत ठेवलेला असल्यासारखा सगळे त्याच्याबद्दल बोलायचे.

एक दिवस वैजनाथ आईला म्हणाला, "माय, एक विषय तुझ्याकडं."

"माझ्याकडं कसला विषय रं? माझं काय शिकणं झालंय?"

"मापं शिकव तिला. चिपटं, मापटं, शेर, पायली. मलाच धड येत न्हाईत."

सगुणाबाईनं माळ्यावरची जुनी मापं काढली, चिंच लावून घासली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सृष्टी ज्वारी भरायची, काठावरून हात फिरवायची, मोजायची. मग तिनं पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई वजनकाट्यावर ठेवली आणि ओरडली, "आज्जी, माप तेच, मग वजन कमी कसं?" सगुणाबाईला जन्मभर ठाऊक होतं की करडई हलकी. का हलकी, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोघी दोन दिवस त्याच नादात होत्या. दोन दाण्यांमध्ये जागा किती राहते ते बघायला पोरीनं मापात पाणी ओतलं, आणि ती पायलीभर करडई वाळवायची पाळी पूनमवर आली.

त्याच आठवड्यात पोर म्हणाली, "तू मला मापं दिली. मी तुला अक्षरं देते. फिट्टमफाट."

वही कशाला, म्हणून सगुणाबाईनं अयोध्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका काढल्या. शंभराच्या आसपास होत्या, मागची बाजू कोरी. एका बाजूला गणपती आणि नवरानवरीची नावं, दुसऱ्या बाजूला साठीला आलेल्या बाईची अक्षरं. आधी स, मग ग, मग ण. भाकरी करून झाली की चुलीपाशीच ती पत्रिका मांडीवर घ्यायची. हाताला थापायची सवय, पेन धरायची नाही. पेन कागदात घुसायचं. सृष्टी मागं उभी राहून पूनमच्याच आवाजात म्हणायची, "हात सैल सोडा, सगुणाबाई. घाई नको." मग दोघी हसायच्या.

लक्ष्मणराव येता जाता बोलायचे. "आता म्हातारपणी मास्तरीण होती का काय? भाकर करपली बघ."

"करपू द्या. ण आला माझा."

हे सगळं खरं होतं, आणि चांगलं होतं. दुसरं जे घडलं तेही त्याच वर्षी, त्याच हातांनी घडलं.

जून महिन्यातच, अक्षरांच्या आधी, लक्ष्मणराव एका दुपारी म्हणाले, "पेटीत सृष्टीच्या लातूरच्या शाळेचा दाखला हाय. तेवढा काढ. लिंबाजीला बघायचाय."

लिंबाजी गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, लक्ष्मणरावांचे चुलतभाऊ. सगुणाबाईला तेव्हा वाचता येत नव्हतं. निळा गोल शिक्का आणि कोपऱ्यात पोरीचा फोटो, एवढ्यावरून तिनं कागद ओळखला आणि दिला. चार दिवसांनी लक्ष्मणरावांनी तो परत आणून दिला. तिनं तो होता तिथं, पोराच्या डिग्रीच्या खाली, ठेवून दिला. परत आला तो कागद रंगीत झेरॉक्स होता. हे तिला कसं कळणार? शिक्का निळाच होता.

मग शाळेतून बोलावणं आलं. गुरुजींनी रजिस्टर पुढं केलं, शाई लावली, तिनं अंगठा दिला. बाहेर पडताना विचारलं, "हे कशाचं वं भावजी?"

"काही न्हाई वहिनी. लेकरांची मोजणी असती."

दुसऱ्या वर्षी गेली तेव्हा गुरुजींनी शाईची डबी काढली. सगुणाबाई म्हणाली, "राहू द्या. मला सही येती."

गुरुजींनी डबी मिटली. उठले. आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली. "बसा वहिनी. सही उभ्यानं करत न्हाईत."

त्या शाळेच्या भिंतीवर बसून सगुणाबाईनं वैजनाथची तास सुटेपर्यंत कितीदा वाट बघितली होती, पण आतल्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली. पोरं दारातून डोकावत होती. तिनं पदर नीट केला, पेन घेतलं, हात सैल सोडला. सगुणाबाई. पाच अक्षरं झाली तेव्हा गुरुजी म्हणाले, "वा! आमच्या मास्तरणींपेक्षा बरं." वर काय लिहिलं होतं ते तिनं वाचलं नाही. नाव लिहिता येत होतं, वाचणं अजून यायचं होतं. घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. हे कुणाला सांगावं असं वाटलं, पण लक्ष्मणराव म्हणाले होते, "वैजनाथपाशी बोलू नको. शाळेचं नाव काढलं की भडकतो."

तिसरं वर्ष. चौथं वर्ष. दरवर्षी खुर्ची, दरवर्षी सही. ती पातळ बदलून जायची.

एकदा सृष्टी खेळून आली आणि म्हणाली, "पप्पा, पोरं म्हणतात गुरुजी हजेरीत माझं बी नाव घेतात."

वैजनाथ हसला. "गुरुजींना तुझी आठवण येत असंल."

सगुणाबाई चुलीपुढं होती. तिच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. पण हे काय चाललंय ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

कळलं २०२१ साली. तोवर ती अडखळत का होईना वाचायला लागली होती. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, पेपरातली मोठी अक्षरं. गुरुजींनी कागद पुढं केला, खुर्ची दिली, आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेले. कागद तिच्यापुढं, वेळ तिच्यापाशी. तिनं सवयीनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "माझी नात कु. सृष्टी वैजनाथ ही इयत्ता सातवीत शिकत असून शाळेत नियमित हजर असते, असे मी लिहून देते."

तिनं ते दोनदा वाचलं. बोट "नियमित"वर थांबलं. मग "मी"वर.

ती कागद तसाच ठेवून घरी आली. लक्ष्मणराव गोठ्यात होते. "अवं, हे काय लिहून घेत्यात माझ्याकडून? पोर तर घरी हाय. अन् मी लिहून देते म्हणं, ती शाळेत हाय."

लक्ष्मणरावांनी वैरणीतून मान वर केली नाही. "मग? वीस लेकरं भरली न्हाई तर शाळा मोडती. लिंबाजीच्या पटावर आपल्या पोरीला धरून वीस हायत. अन् भोकरकरांनी परवा फोनवर पुन्हा इचारलं, नात कुठं शिकती म्हणून. मी म्हणलं, गावच्या शाळेत नाव हाय की. त्यात काय खोटं हाय? नाव हायच."

"अन् वैजनाथला कळलं तर?"

"त्याचं याड आज न्हाई उद्या उतरंल. तवा हेच कागद कामाला येतील. जा, सही कर. गुरुजी थांबले असतील."

ती गेली. हे सगुणाबाईनं नंतर स्वतःपासून कधी लपवलं नाही. तिला कुणी ओढत नेलं नाही. नवऱ्याचं ऐकायचं हे एक होतंच, पण दुसरंही होतं. त्या खुर्चीवर बसायला तिला वर्षातून एकदाच मिळत होतं. नाही म्हटलं असतं तर ती खुर्चीही गेली असती. तिनं सही केली. अक्षर आधीच्यापेक्षा चांगलं आलं.

पुढच्या वर्षी गावच्या शाळेची सातवी संपली. दाखला पुढच्या हायस्कूलला पाठवायचा म्हणून एक सही, आणि त्या हायस्कूलचा कारकून प्रवेशाचा कागद घेऊन आला म्हणून दुसरी. त्या हायस्कूललाही तुकडी टिकवायला डोकी हवी होती. दोन्ही कागद तिनं वाचले आणि दोन्हीवर नाव लिहिलं. म्हणजे तीन सह्या न वाचता, तीन वाचून. आणि सगळ्यांच्या आधी तो अंगठा.

ऑगस्ट २०२४. पोर पंधरा पूर्ण होऊन सोळाव्यात होती. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा दिवस आला. वैजनाथनं आंघोळ करून देवाला हात जोडले, पेटी उघडली, दाखला काढला. उजेडात धरला. कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं. शिक्का उमटलेला लागेना.

"पूनम, हे झेरॉक्स हाय. असल कुठं गेलं?"

पूनमला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बघू, शपथपत्र करू. आणि रेणापूरला गेला. तिथं संगणकावर पोरीचा आधार नंबर टाकला तर फॉर्म पुढं सरकेना. बसलेला माणूस म्हणाला, "अहो, ही मुलगी दहावीला नियमित दाखवून राहिली. बाहेरून कशी बसंल?" आणि हायस्कूलचं नाव सांगितलं.

वैजनाथ तसाच त्या हायस्कूलला गेला, तिथून गावच्या शाळेत. तो मास्तर होता, त्याला कागद बघायला कुणी नाही म्हटलं नाही. दिवेलागणीला घरी आला. पाणी घेतलं नाही. ओसरीवर आई बसली होती, बाप खाटेवर, पूनम आणि सृष्टी दारात. त्यानं मोबाईल आईपुढं धरला.

"वाच माय. तुला येतंय."

फोटो होते. एकामागं एक. वैजनाथ बोटानं सरकवत गेला.

"२०१७, अंगठा. २०१८, सही. बघ, इथं पेन कागदातून आरपार गेलंय. २०१९. २०२०. इथं ण नीट जमलाय. २०२१. २०२२च्या दोन." तो थांबला. "अक्षर लई सुधारलं तुझं."

सगुणाबाई त्या अक्षरांकडं बघत होती. एवढ्या वर्षांत तिनं ती एका जागी कधी बघितली नव्हती. पहिली थरथरणारी, शेवटची सरळ. सगळा तिचा अभ्यास तिथं होता.

"माय, कुणी सांगितलं तुला?"

तिनं मान वळवून खाटेकडं बघितलं. "तुझ्या अण्णानं. त्यांनीच सांगितलं सही कर म्हणून. दाखला बी त्यांनीच मागितला."

सगळे लक्ष्मणरावांकडं बघायला लागले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, कपाळ पुसलं. तिला वाटलं, आता बोलतील.

"मला काय इचारतोस?" लक्ष्मणराव म्हणाले. "मी अंगठेबहाद्दर माणूस. कागदात काय लिहिलंय ते मला काय कळणार? वाचता येतंय ते तिला."

आणि उठून बैलांकडं गेले, त्या मांडवातून गेले होते तसेच.

वैजनाथनं आईला पुन्हा काही विचारलं नाही. सृष्टी मात्र दारातून पुढं आली आणि आजीसमोर उकिडवी बसली, अक्षरं शिकवायला बसायची तशी.

"आज्जी, तू वाचलं होतंस का?"

नाही म्हणता आलं असतं. पोरीनं ऐकलंही असतं.

"हाव," सगुणाबाई म्हणाली. "पहिल्या तीन न्हाई. मागच्या तीन वाचल्या."

सृष्टी उठली. "मग मी शिकवलेलं चांगलंच उपयोगाला आलं की," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी गुरुजी आले. ते येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. खाली मान घालून ओसरीवर बसले. "वैजनाथ, तक्रार करशील तर माझं पेन्शन जाईल, ते जाऊ दे. पण एक बघ, तुझी एक पोर कागदावर होती म्हणून एकोणीस लेकरं गावात शिकली. त्यांना तीन मैल चालत जायला लागलं असतं."

"मला इचारायचं होतं गुरुजी."

"इचारलं असतं तर तू हो म्हणला असतास?"

"न्हाई."

"मग?"

वैजनाथनं तक्रारीचा अर्ज लिहिला. तीन दिवस खिशात ठेवला. पूनम भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अर्ज दिला की चौकशी होईल. पोरीचं वर्ष जाईल. अन् खोटं लिहून देणारी म्हणून पहिलं नाव आत्यांचं, तुमच्या आईचं, येईल." त्यानं अर्ज पेटीत टाकला, त्या झेरॉक्सच्या खाली.

सृष्टी नियमित म्हणून बसली. तोंडी परीक्षेला आणि प्रयोगाला तिला गणवेश शिवावा लागला. जिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या वर्गात जाऊन ती बसली. एका बाईनं विचारलं म्हणे, "तू का गं नेहमी गैरहजर?" आणि सगळा वर्ग हसला.

त्या साली वेळ अमावस्येला सगळे शेतात गेले, दरवर्षीसारखी कडब्याची कोप उभी केली, पूजा केली. सगुणाबाईनं आंबील वाढली. वैजनाथनं आपला पेला पूनमपुढं धरला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. सगुणाबाईच्या आलं.

मे २०२५ मध्ये निकाल लागला. ब्याण्णव टक्के. तिसऱ्या दिवशी हायस्कूलच्या फाटकाबाहेर फ्लेक्स लागला, "आमच्या विद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी". सृष्टीचा फोटो आधार कार्डावरचा, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो त्याच्या चौपट. विहीर, दोरी, पायली, खताचं पोतं, आठ वर्षांचं ओसरीवरचं शिकणं, त्यातलं काहीच त्या फ्लेक्सवर नव्हतं. ते कधी झालंच नव्हतं, असं कागद सांगत होता, आणि कागदाखाली सगुणाबाईची सही होती.

भोकरहून व्याह्याचा फोन आला. "बघा मास्तर, शेवटी शाळेत घातली म्हणून पोरगी चमकली!"

लक्ष्मणरावांनी पेढे आणले. पारावर बसून वाटले. "नात कुठं शिकली?" असं कुणी विचारावं म्हणून थांबायचे, टोपी काढायचे, आणि हायस्कूलचं नाव सांगायचे.

अकरावीला सृष्टी नांदेडला गेली. मोठा क्लास तिनंच निवडला. वैजनाथनं विचारलं, "तिथं एका खोलीत किती पोरं असतात, ठाऊक हाय ना?"

"हाव. पण तिथं माझी हजेरी खरी असंल," ती म्हणाली.

तो तिला सोडून आला आणि दोन दिवस जेवला नाही. पोरगी जाताना सगळ्यांच्या पाया पडली, आजीच्याही पडली. पण बोलली नाही.

सगुणाबाईनं पत्रिकांचा गठ्ठा काढला. नळावर लोक रॉकेल मिळत नाही म्हणत होते, तिला काही अडचण आली नाही. रोज एक पत्रिका पाण्याच्या चुलीत पेटवायला घ्यायची. एका बाजूनं गणपती जळायचा, एका बाजूनं ण. पोस्टात, बँकेत, रेशनच्या दुकानात ती परत अंगठा द्यायला लागली. पोस्टातला माणूस म्हणाला, "काकू, तुम्ही तर सही करत होता?" ती म्हणाली, "विसरले."

तिला आता एकच पाहिजे होतं. नवऱ्यानं एकदा पोराला सांगावं, की मी सांगितलं होतं. तिची चूक तिच्यापाशी राहू दे, त्यांची त्यांनी घ्यावी. तिनं शेतात विचारलं, जेवताना विचारलं. लक्ष्मणराव दर वेळी म्हणायचे, "पोरगी ब्याण्णव टक्क्यांनी पास झाली. अजून काय पाहिजे तुला?"

सप्टेंबरात नदीचं पाणी शेतात घुसलं आणि सोयाबीन आडवं झालं. लक्ष्मणराव गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत राहिले. तेव्हापासून ताप हटेना. छातीत पाणी झालं. लातूरला पंधरा दिवस ठेवलं, दिवाळीनंतर डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. खाट ओसरीवरच टाकली, जिथं चटई असायची.

एका सकाळी वैजनाथ त्यांना पाणी पाजत होता. सगुणाबाई पायथ्याशी बसली होती. ती पोरासमोरच म्हणाली, "अवं, आता तरी सांगा याला."

लक्ष्मणरावांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडं बघितलं. मग पोराकडं. वैजनाथनं पेला खाली ठेवला. त्यालाही ऐकायचं होतं, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"सोयाबीनचं काही हाती लागलं का रं?" लक्ष्मणराव म्हणाले.

"न्हाई अण्णा."

"बरं," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

तेरावं झाल्यावर ग्रामसेवक नोंदीचा फॉर्म घेऊन आला. भावकी बसली होती, लिंबाजी गुरुजीही होते. ग्रामसेवकानं पेन पुढं केलं. सगुणाबाईनं पेनाला हात लावला नाही, डावा अंगठा पुढं केला.

"माय, सही येती की तुला," वैजनाथ म्हणाला. वर्षभरात तो तिच्याशी आपणहून बोलला ते हेच.

"शाई आण," ती म्हणाली.

पण अंगठा उठवण्याआधी तिनं फॉर्म मांडीवर घेतला आणि बोट ठेवून वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सगळे थांबून राहिले. तिनं घाई केली नाही. कागदावर लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. लक्ष्मणराव सोमवारी, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळी नऊ वाजता राहत्या घरी वारले.